तळ्यांची वाट की खिंडीची?

टेलरबाईंचा गुडघा इतका करकरायचा, की त्या जिना चढल्या की शेजारी दार उघडून बघायचे, कोण आलं म्हणून. तरी हिमालयाचा हट्ट सुटेना, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "एकदाच काय तो डोंगर चढून घ्या. मग विसरा."

झालं! बाईंना घोर लागला. हिमालयात जायचं, पण कुठल्या वाटेनं? तळ्यांच्या, की बर्फाच्या खिंडीच्या? एकदाच जायचं तर जास्त देखणी तीच हवी.

दोन्ही दीर जाऊन आलेले.

"वहिनी, तळं इतकं नितळ, की मासे लाजून दगडाआड आंघोळ करतात," धाकटा म्हणाला.

"हॅ! खिंडीत आकाश इतकं खाली, की मी टोपी काढून हातात धरली. निळे डाग पडले असते," मधला म्हणाला.

"थापाड्यांनो, चहा प्या आणि सुटा!"

बाईंचा विश्वास कपड्यांवर. डोंगर चढणाऱ्यांचे फाटके कपडे त्यांच्याच मशीनवर यायचे. खिंडीकडून आलेली पँट हमखास गुडघ्यावर फाटलेली, तळ्यांकडची बुडाशी विरलेली.

"खिंडीत माणसं रांगतात. तळ्यापाशी मात्र बसून बघत राहतात," बाई म्हणाल्या. "बूड टेकावंसं वाटतं, तीच जागा देखणी. ठरलं!"

दिरांच्या पाठीवर सामान लादून बाई निघाल्या. शेवटच्या चढाला ढग उतरले. एवढ्यात वरून एक माणूस बुडावर घसरत, बोंबलत खाली आला. मागोमाग दुसरा.

"हे काय?" बाईंनी वाटाड्याला विचारलं.

"सगळे असेच उतरतात, आजी. निसरडं आहे ना."

मधला पोट धरून हसला. "बघत बसतात म्हणे! वहिनी, फिरा मागे. उरलेला गुडघा खिंडीसाठी ठेवा."

"भावजी, काठी द्या."

"पण वर नुसता ढग आहे!"

"असू दे. त्याला माहीत नाही कोण येतंय."

गुडघ्यानं आरडाओरडा केला, बाईंनी त्याला दम भरला. वर पोचेपर्यंत ढगच कंटाळून निघून गेला.

खाली तळं. असलं हिरवं, की दुकानातली सगळी रिळं बाईंना धुऊन विटल्यासारखी वाटली. पलीकडे खिंड, उन्हात लखलखणारी.

बाईंनी दगडावर बूड टेकलं आणि बघत राहिल्या. मग मधल्याला राहवेना. "बोला वहिनी, कुठली सरस?"

"एकच बघून कसं सांगू? ती समोरची बघते, मग सांगते."

"आणि डॉक्टर?"

"त्यांनाही घेऊ बरोबर. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत."