रेनकोट कोणाच्या अंगावर

"हा निळा घ्या वहिनी, मळखाऊ आहे," मॅनेजर म्हणाला आणि ड्रायव्हरांसाठी आलेले टेबलावरचे नमुन्याचे दोन्ही रेनकोट त्याने बाजारातली भाजी चिवडावी तसे चिवडले.

वहिनीने निळ्याला हातसुद्धा लावला नाही. ट्रकच्या त्या आवारात सगळे तिला वहिनीच म्हणत. तिचा नवरा इथलाच ड्रायव्हर. गेल्या पावसाळ्यात ट्रकमागे उभा राहून मालाची दोरी आवळत होता, तेवढ्यात दुसरा ट्रक रिव्हर्स आला आणि सगळं संपलं. "दिसलेच नाहीत हो," एवढंच तो दुसरा ड्रायव्हर सांगत राहिला. मग कंपनीने तिला स्टोअरमध्ये चिकटवलं, तेही उपकार केल्याच्या थाटात. नवऱ्याचा कोट निळा होता. वर्षभर तिने मनातल्या मनात त्या रंगाला शिव्या घातल्या होत्या.

"पिवळाच घ्यायचा," ती म्हणाली. "पाठीवर चमकणारी पट्टी असलेला. आणि पायघोळ नको. वर चढताना पायात येतो."

"अहो, ड्रायव्हर लोकांनाच निळा हवाय. विचारा की त्यांना."

विचारायला लांब जायला नको होतं. ते दारातच उभे होते आणि आपापसात खिदळत होते. त्यात तिचा धाकटा दीरही होता. भावाचा ट्रक आता तोच चालवायचा.

"वहिनी, पिवळ्यात आम्ही कोंबडीची पिल्लं दिसू," मागून कोणीतरी म्हणालं आणि एकच हशा पिकला.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दिसाल ना? दिसा की मग! तुमच्यातला एक दिसला नाही म्हणून मी इथे बसलेय, हौस म्हणून नाही. पिवळ्याची लाज वाटत असेल तर घरी जा आणि बायकोला विचारून या, तिला काय चालेल ते."

हसणं बंद झालं. दीर खाली बघत राहिला. मॅनेजरला ही कटकट लवकर संपवायची होती.

"घ्या बाई, पिवळे घ्या. पण यंदा एवढंच हं. ट्रकांच्या ताडपत्र्या पुढच्या वर्षी बघू."

स्टोअरमध्ये नवी ताडपत्री एकच आली होती आणि ती मॅनेजरच्या गाडीवर पडली होती. पावसाने गाडीचा रंग जातो म्हणे! वहिनीने तेव्हा तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. ती जिंकली होती. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ती पोटभर जेवली.

पुढे एका दुपारी आवारात सिमेंटची पोती भरणं चालू असताना पावसाने गाठलं. वहिनी स्टोअरच्या खिडकीशी आली. ट्रकांमधून पिवळे कोट फिरत होते, लांबूनसुद्धा लख्ख दिसत होते. तिला बरं वाटलं. मग तिची नजर दिराच्या ट्रकवर गेली. तो वर, पोत्यांवर ओणवा झालेला, नुसत्या शर्टात, नखशिखान्त भिजलेला. त्याचा नवा कोरा पिवळा कोट पोत्यांवर पसरलेला होता.

ती तशीच पावसात धावली. "भावजी! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? पोत्यांना कोट घालताय?"

"ओरडू नका वहिनी. ताडपत्री फाटलीये इथे. सिमेंट भिजलं तर माझ्या पगारातून कापतील. मी भिजलो तर कोणाचं काय जातंय?"

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

दिराने तोंड फिरवलं. "दादानेच. आम्ही सगळेच करतो."

"त्या दिवशीसुद्धा?"

 त्याने होकारार्थी मान हलवली.

वहिनीला घरी आलेला तो निळा कोट आठवला. कुठे फाटला नव्हता, रक्ताचा एक डाग नव्हता, फक्त आतल्या बाजूने सिमेंट वाळून दगड झालं होतं. तिने ते नखांनी खरवडलं होतं. अंगावर ट्रक आलेल्या माणसाचा कोट धड कसा, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. कोट त्याच्या अंगावर नव्हताच. पोती झाकून तो भर पावसात उघडा, मान खाली घालून दोरी आवळत होता. आणि ती वर्षभर रंगाशी भांडत बसली होती!

ती वळली आणि तडक मॅनेजरच्या गाडीकडे गेली. तिने ताडपत्रीच्या गाठी सोडल्या, एक सुटेना तेव्हा दातांनी सोडवली, आणि ताडपत्री खसकन ओढली.

"ओ बाई! काय चाललंय? नोकरी नकोय का?" ऑफिसच्या पायरीवरून मॅनेजर ओरडला. पावसात मात्र उतरला नाही.

"तुमची गाडी भिजून मरत नाही!" वहिनी त्याच्या दुप्पट आवाजात ओरडली. "माझा माणूस मेला!"

ताडपत्री जड होती. ती चिखलातून फरफटत नेत असताना कोणीतरी दुसरं टोक उचललं, मग आणखी कोणी. पिल्लांचा विनोद करणारासुद्धा आला.  बघता बघता ताडपत्री पोत्यांवर चढली.

दिराने दोरी खाली टाकली. ती वहिनीने धरली.

"ओढा वहिनी."

"आधी कोट."

त्याने ताडपत्रीखाली हात घालून कोट बाहेर काढला, झटकला आणि अंगात चढवला. गार बोटांना बटणं लागत नव्हती. त्याचं शेवटचं बटण लागेपर्यंत वहिनी दोरीचं टोक मुठीत घेऊन पावसात उभी राहिली.