खळ्यातली इंग्रजी

सकाळच्या पेजेत भाताचं शीत शोधावं लागे, अशा वर्षांत बाबा मिठबाव सोडून बोटीच्या भटारखान्यात लागले. हातांवर वाफेचे चट्टे घेऊन परतले, तेव्हा संपत्ती म्हणावी अशी एकच वस्तू त्यांच्यापाशी होती: इंग्रजी. ओहोटीनंतर वाळूवर राहिलेल्या शिंपल्यांसारखे ते शब्द. कडा तुटलेले, दूरदेशीचे, तरी हातात घेतले की ओले आणि जिवंत.

मुंबईला बोटीच्या भरतीसाठी निघालेला प्रत्येक जण आधी आमच्या खळ्यात येऊन बसे, हा गावचा रिवाजच पडला होता. उतरत्या उन्हात बाबा उलट्या टोपलीवर साहेब होऊन बसत, आमटी वाढायची करवंटीची डवली रोखून भरतीचे प्रश्न आपल्या इंग्रजीत दरडावून विचारत. त्या भाषेला व्याकरणाचा कणा नव्हता; पण पोट होतं.

"काका, सायबाचा कळला नाय तर?" शेजारचा भिकू विचारी.

"आदी हस. मगे सांग."

मी तेव्हा कॉलेजात होतो, घराण्यातला पहिला. दिवाळीच्या सुट्टीत, भरल्या खळ्यात, मी म्हणालो, "बाबा, हे इंग्रजी नव्हे. मुलांना चुकीचं शिकवू नका." घरात कधी न बोललेल्या, कचेरीतल्या मराठीत म्हणालो. बोललो ते खोटं नव्हतं, हेच अधिक वाईट.

बाबांनी डवली माझ्या हातात दिली. "मगे तूच शिकव, झिला. माका भुकेन शिकवल्यान, तुका मास्तरान."

मी शिकवलं. भिकूकडून काळ आणि क्रियापदं घोकून घेतली. महिन्याभरात तो मुंबईहून रिकामा परतला. साहेबाने विचारलं, हा मनात वाक्य जुळवत राहिला, आणि साहेबाने पुढच्याला बोलावलं.

"तुजा इंग्रजी सोवळ्यातला रे, मास्तर," रापणीच्या जाळ्याचा दोर खांद्यावर घेत तो म्हणाला. "बोटीक शिवना नाय."

तो आणि इतर पुन्हा बाबांकडे आले. बाबांनी सुपारी कातरता कातरता नुसती नकाराची मान हलवली. त्यानंतरची नऊ वर्षं, ते जाईपर्यंत, त्यांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही. ओठांच्या कोपऱ्यात मात्र कधी काही हलून विझे.

मी बी.ए. झालो. सावंतवाडीला इंग्रजी शिकवतो; माझ्या वाक्यात चूक काढील असा माणूस पंचक्रोशीत नाही. आणि खळ्यात, उतरत्या उन्हात, बाबांच्या उलट्या टोपलीवर आता नुसता काळ येऊन बसतो, काही विचारत नाही.