भुवयांपाशी कापलेले चेहरे

कारखान्याच्या फाटकापाशी माणसं दाटीवाटीनं उभी होती. फाटकावरच्या नव्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर ओळखपत्रांसाठी काढलेले कामगारांचे फोटो उघडत होता. पांढरी हेल्मेटं घातलेले काही चेहरे पूर्ण दिसत. काही भुवयांपर्यंतच, खाली नुसता काळोख. असा पहिला फोटो क्रेनवाल्याचा निघाला, आणि आठवड्याच्या आत तो छाती धरून कोसळला.

"या यंत्राला मरण दिसतं!" पहिल्या फोटोपासून फाटकात ठाण मांडून बसलेला दृष्टीबाबा डोळे फिरवत म्हणाला. "छाया पडली त्यानं औषध सोडावं, माझं पाणी प्यावं. सुईच्या भोकातून छाया आत शिरते!"

काल वेल्डरचा फोटो कापलेला निघाला होता. तो इन्सुलिनवर जगणारा माणूस. सकाळची सुई त्यानं घेतलीच नाही. आता तो बाकावर धापा टाकत बसला होता.

त्याची बायको शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. ती त्याला उठवू लागली. "अहो, दवाखान्यात चला ना!"

"सूनबाई, सुई टोचून मारायचंय का त्याला?" सासूबाई आडव्या आल्या.

ती तडक ऑपरेटरकडे गेली. "जुन्या कॉम्प्युटरवर हे फोटो कसे दिसतात?"

"तिथे धड दिसतात. इथे आणायला मी छोटा प्रोग्राम लिहिलाय."

तिनं तो वाचला आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. "बाबांचा फोटो काढा."

पडद्यावर टक्कल पडलेला बाबाही भुवयांपाशी कापला गेला. पण तो डगमगला नाही. "तुमचं मरण मी अंगावर घेतलं!"

"आता त्या काळ्या बादलीचा काढा."

बादली काठापाशीच संपली.

"हिनं कुणाचं मरण घेतलं, बाबा?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती गर्दीकडे वळली. "फोटो म्हणजे ठिपके, आणि प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा, त्याचा एक आकडा. फाइल उघडताना सांगावं लागतं, आत मजकूर आहे की नुसते आकडे. इथे ती मजकूर म्हणून उघडली. या कॉम्प्युटरवर मजकुरात सव्वीस आकडा आला, की फाइल संपली असं तो धरतो. जुना तसं धरत नाही. सव्वीस म्हणजे गडद करडा ठिपका. कुणाच्या भुवईत तो येतो, कुणाच्या चेहऱ्यात येतच नाही."

तिनं फाइल उघडायच्या ओळीत 'बी' हे एकच अक्षर वाढवलं. म्हणजे आकडे जसेच्या तसे वाच. प्रोग्राम पुन्हा चालवला. वेल्डर पूर्ण दिसला. मग क्रेनवाला, हसरा.

"पण तो तर गेला!" कुणीतरी पुटपुटलं.

क्रेनवाल्याची बायको पुढे आली. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "हृदयाच्या गोळ्या चालू होत्या त्यांच्या. या बाबानं बंद करायला लावल्या."

 सगळे बाबाकडे वळले. तो मागे सरकला, पण मागेही माणसंच होती.

सासूबाईंनी मुलाचा दंड धरून त्याला उठवलं. "चल बाळा, दवाखान्यात चल."

सूनबाईनं दुसरा दंड धरला आणि जाता जाता सगळ्यांना म्हणाली, "यंत्र विचित्र वागलं तर ते तपासायला सांगा. आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरला विचारा. एवढं तरी करा."