लाल रेघांची बाटली

मी पाण्याची बाटली बोलतेय. जाड प्लास्टिकची, आरपार दिसणारी, पोटावर लाल रेघांचे डाग असलेली. दिसायला मी यथातथाच, पण एका माणसाची तहान मी जन्मभर सांभाळली.

लोखंड वितळवणाऱ्या कारखान्यात मी एका भट्टीवाल्याच्या वाट्याला आले. तिथे घामाच्या धारा लागायच्या. तो मला तोंडाला लावायचा आणि एका दमात रिकामी करायचा. पाणी आत गेलं की घामावाटे बाहेर. तेव्हा मी काय तोऱ्यात असायचे!

पुढे तो निवृत्त झाला. भट्टी सुटली, घाम आटला, हृदय दुबळं झालं. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून बजावलं, की आता पाणी बेतानेच प्यायचं, दिवसाला या बाटलीच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही. मी त्याच्या मांडीवरच होते.

मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ज्या लेकीशी त्याने वर्षानुवर्षं अबोला धरला होता, ती आजारपणाचं कळताच रोज येऊ लागली. काय बोलावं, दोघांनाही सुचेना. शेवटी तिने मला उचललं आणि लाल नेलपॉलिशने माझ्यावर रेघा ओढल्या.

"भट्टीवर किती पाणी प्यायचात, आणि आता तोंड सुकवून बसता. पाणी या रेघेला येईपर्यंत मी उठणार नाही, बाबा."

डॉक्टरांचं बोलणं त्याने तिला न सांगता गिळून टाकलं. एक घोट घ्यायचा, मग थांबायचा. एका दमात मला संपवणारा गडी एका रेघेला तासभर लावू लागला. तेवढ्या वेळात लेक तिच्या घरच्या गमती सांगायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. मला त्याचा राग यायचा, आणि कीवही यायची.

त्याचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून तो खुर्चीतच झोपू लागला. पाणी कमी पडतंय म्हणूनच सूज आली, असं लेकीने धरलं आणि मला दिवसातून दोनदा भरू लागली. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही.

इस्पितळात डॉक्टर तिच्यावर चिडले. घाम गाळणाऱ्याला लागतं तेवढं पाणी या हृदयाला झेपत नाही, आणि हे मी यांना स्वतः सांगितलं होतं, असं ते म्हणाले. लेक वडिलांकडे वळली.

नाकावरचा मास्क बाजूला करून तो म्हणाला, "कमी प्यायचंय हे सांगितलं असतं, तर तू लवकर उठली असतीस."

"अहो बाबा, मी तशीही बसले असते."

त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. संध्याकाळी तो गेला, आणि ती मला घेऊन एकटीच घरी परतली.

आता मी तिच्या ओट्यावर पालथी पडून असते. रेघा तिने खरवडल्या, पण लाल डाग राहिलेत. नवरा मला टाकून दे म्हणतो, ती ऐकत नाही.

तुम्ही किती पाणी प्यावं ते तुमचा घाम, तुमची तहान आणि दुखणं असेल तर डॉक्टर सांगतील. माझ्या अंगावरच्या रेघांना विचारू नका. आणि आपल्या माणसाजवळ बसायचं असेल, तर मला न घेता जाऊन बसा.