हिल्मीच्या झाडातला आवाज

हाज्जा वहीबा, म्हणजे माझी सासू, रोज तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर हिल्मीच्या खजुरीला कान लावून बसायची. तिचा लेक, माझा नवरा हिल्मी जन्मला तेव्हा तिनं ते झाड लावलं होतं. हिल्मी गेला, झाड राहिलं. आता खोडात सोंड्या भुंग्याच्या अळ्या शिरल्या होत्या आणि त्यांचं कुरतडणं बाहेर ऐकू यायचं.

“काय हाज्जा, रेडिओ लागलाय का?” झाडं तोडणाऱ्या झरीफनं विचारलं.

“तुझ्या लग्नाची बातमी देतायत. पोरगी अजून मिळाली नाही म्हणे.”

तो हसला, मग मान खाली घालून म्हणाला, “भुंगे बाहेर पडले तर सगळ्या बागेचं वाटोळं होईल. शनिवारपर्यंत थांबतो. आवाज थांबला नाही, तर करवत.”

हिल्मी या अळ्यांचा वैरी होता. अळीत शिरून तिला मारणारे सूत्रकृमी, डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक जंत, तो मागच्या खोलीत वाढवायचा. आमच्या उन्हात ते तगत नसत. म्हणून प्रत्येक पिढीला तो विजेवर तापणाऱ्या कपाटात ठेवी आणि वाचतील त्यांचीच प्रजा पुढे नेई. “चटका बसला की यांची झोपलेली जनुकं जागी होतात,” म्हणायचा. “काहींची लवकर, काहींची उशिरा. मला लवकर उठणारे हवेत.”

गेल्या उन्हाळ्यात बागेतच त्याला उष्माघात झाला. दफन करून आल्यावर हाज्जानं कपाटाची वायर उपटली. “उन्हानं माझा लेक खाल्ला. या घरात आता कुणाला चटके द्यायचे नाहीत.” मलाही तेव्हा ते बरंच वाटलं. वर्षभर आम्ही ते कृमी गारव्यात, लाडात वाढवले.

तेच खोडात सोडले. पोखरलेलं खोड आतून भट्टीसारखं तापतं. आवाज थांबला नाही.

“गरम होतंय म्हणतोय,” हाज्जा खोडाला बिलगून म्हणाली. मला भीती वाटली, कारण मलाही तसंच ऐकू यायला लागलं होतं.

शनिवारी झरीफनं झाड पाडलं. चिरलेल्या खोडात गुबगुबीत अळ्या वळवळत होत्या. तो रॉकेल ओतणार तेवढ्यात हाज्जा वाकली आणि काळी ओढणी डोक्यावरून पोकळीवर पसरून आत बघत राहिली.

“इन्शिराह, इकडे ये.”

मी ओढणीखाली शिरले. आतल्या अंधारात एक अळी मंद उजळत होती. मेलेली, विटकरी पडलेली. पोटात हे कृमी वाढले की अळी अशीच उजळते. हिल्मी दिवा घालवून मला हेच दाखवायचा. एवढ्या तापात कुणीतरी तगलं होतं. मला रडू आवरेना.

“यांची प्रजा वाढवता येईल,” मी म्हणाले. “पण हाज्जा, गारव्यात ठेवले तर हेही ताप सोसणं विसरतील.”

हाज्जा अळी ओंजळीत घेऊन मागच्या खोलीत गेली. तिनंच वायर लावली, अळी कपाटात ठेवली आणि तोंड आत नेऊन हळूच म्हणाली, “सोस बाळा. थोडंच सोस.”

मग तिनं दार लावलं आणि त्याला कान लावून बसली.