वाकळेच्या पोटातला घास

“मालक, पाणी पिऊन झालं असंल तर तांब्या द्या,” राजूबाई म्हणाली. तांब्या नरहररावांच्या हातात तसाच होता, आणि डोळे कुडावर उन्हाला टाकलेल्या वाकळेवर.

गाडी तापली म्हणून हैदराबादचे हे गृहस्थ खटकचिंचोळीत उतरले होते. त्यांच्या बंगल्यात म्हणे गावोगावच्या जुन्या वस्तू मांडून ठेवलेल्या. आता ते वाकळेला नाक लावून एकेक टाका बघत होते. इरकलीचा काठ धोतराच्या तुकड्याला कसा वळवून घेतला, मधला चौक कसा जुळवला, सगळं विचारत होते. राजूबाईच्या वाकळा गावानं चाळीस वर्षं पांघरल्या, बाळंतिणीखाली घातल्या, शेवटी बैलाच्या पाठीवर टाकल्या; टाका मात्र कुणी बघितला नाही. सासूनं बघितला, तो खोड काढायला. राजूबाईला वाटलं, चला, आपण उगंच डोळे फोडून घेतले नाहीत. तिनं चहात साखर चमचाभर जास्तच टाकली.

या वाकळेचे मागाल ते देतो, असं नरहरराव म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या बोटाला कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं.

“भाकरीचा तुकडा हाय,” राजूबाईनं सांगितलं. “शेवटचा कोपरा शिवताना घालावं लागतंय. वाकळंचं पोट भरलेलं असलं की पांघरणारा उपाशी ऱ्हात न्हाई.”

नरहररावांनी बोट काढून घेतलं. यानं किडे लागतात, उंदीर येतात, शेजारचं सामान नासतं, असं ते समजुतीनं सांगू लागले. तुकडा काढून द्या, एवढीच अट.

“उपाशी वाकळ मी कुणाच्या अंगावर घालत न्हाई.”

“अंगावर नाही हो बाई. काचेत घालून भिंतीला लावणार.”

“भिंतीला काय थंडी वाजायलीय?”

नरहरराव हसले. दारात उभा असलेला तिचा लेक श्रीमंत, नुसता नावाचाच श्रीमंत, तो हसला नाही.

“आये, शिळ्या तुकड्यापायी कामून अडून बसायलीस? मी काढतो की.” त्यानं दाढीचं पातं आणलं.

तिकडं ड्रायव्हरनं गाडी चालू केली. ही गाडी गेली की टाका बघणारं माणूस पुन्हा या वाटेला यायचं नाही, हे राजूबाईला कळत होतं. तिनं लेकाच्या हातातलं पातं ओढून घेतलं. आपले टाके दुसऱ्यानं उसवावेत इतकी ती अजून म्हातारी झाली नव्हती. चार टाके उसवून तिनं तुकडा काढला आणि कोपरा शिवायला सुई घ्यायला वळली.

“राहू द्या तसंच,” नरहरराव म्हणाले. “फाटकं बरं दिसतं. जुनं वाटतं.”

निघताना त्यांनी गावाचं नाव वहीत लिहून घेतलं. तिचं विचारलं नाही. गाडीच्या मागच्या काचेतून वाकळेचा कोपरा तोंड वासून बघत होता.

कोंबड्यांना टाकावा म्हणून राजूबाईनं तुकडा धरलेला हात उचलला, आणि मग तो आपल्याच तोंडात घातला. वाळून खडा झाला होता.

“आये, जेवाय वाढ,” श्रीमंत आतून म्हणाला.

तिच्या तोंडात घास होता. तो मऊ होईस्तवर ती तिथंच बसली.