हरणाबाईंच्या भिंतीवरची वांगी

मी वांग्यांची तसबीर आहे. जुनी, तैलरंगातली, हातभर लांब. काशाच्या ताटात तीन वांगी, बाजूला पितळी तांब्या आणि चार हिरव्या मिरच्या, एवढेच माझ्यात आहे. मित्रांनो, माझ्यात देव नाही, राजा नाही, कुणाचे आजोबाही नाहीत. माझ्या वाट्याला इतका राग आला तो त्यामुळेच.

१९४५च्या हिवाळ्यात सांगलीच्या पेठेत नाथाजी पेंटरांनी मला रंगवले. लोकांचे चेहरे आणि दुकानांच्या पाट्या रंगवून ते पोट भरत. मला मात्र त्यांनी स्वतःच्या हौसेने काढले. वांगी कृष्णाकाठची होती. सहा दिवस ती ताटात राहिली. सातव्या दिवशी त्यांतले एक सुरकुतले, तेव्हा नाथाजींनी ती सुरकुतीही रंगवली.

दुकानात येणारे मला नावे ठेवीत. एका वकिलांनी तर काठीच्या टोकाने मला ढोसले. "वांगी काय, मंडईत दिसतातच की. ती भिंतीवर कशाला?"

नाथाजी चिडले, तरी समजावू लागले. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक घराच्या भिंतींवर फळे, अंडी, मासे रंगवून घेत. या घरात पाहुण्याला खायला मिळते, हे दिसावे म्हणून. पुढे हॉलंडातल्या लोकांनी आपल्या चर्चांतल्या तसबिरी काढून टाकल्या. तेव्हा तिथले चितारी पाव, पेला, सोललेले लिंबू रंगवू लागले आणि व्यापारी ती चित्रे हौसेने घरी लावू लागले. त्या लिंबाशेजारी कधी घड्याळ असे, कधी कवटी. खा, पण वेळ जातो आहे हे विसरू नका, असा त्याचा अर्थ. मोठ्या चित्रशाळांनी मात्र आमच्या घराण्याला सगळ्यांत खालच्या पायरीवर बसवले. आधी देव आणि लढाया, मग माणसे, मग डोंगर-झाडे आणि शेवटी आम्ही.

"योग्यच केलं," वकील म्हणाले आणि निघून गेले. मी वर्षभर तिथेच टांगून राहिले.

१९४६ साली, दसऱ्याच्या सुमारास, नानासो हवालदार दुकानात आले. कृष्णाकाठच्या एका ऊसवाल्या घरातले ते थोरले. मराठा पलटणीबरोबर इटलीत लढून ते परतले होते. त्यांचा धाकटा भाऊ जोतिबा त्याच पलटणीत होता. तो तिकडेच मारला गेला. त्यांच्या आईने, हरणाबाईंनी, जोतिबाची तसबीर करून आणायला त्यांना धाडले होते. पण जोतिबाचा फोटो कुणाकडेच नव्हता.

नाथाजींनी ब्रश खाली ठेवला. "नुसतं सांगण्यावरून चेहरा निघत नाही, हवालदार. निघेल तो दुसऱ्याच कुणाचा तरी. आईला ते लगेच कळेल."

नानासो जायला उठले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"असलं म्या तिकडं बघितलंय," ते म्हणाले. "एका फुटक्या घरात. भिंतीवर पाव, मासा आन् लिंबू काढल्यालं. आमी दोगं भाऊ तीन दिस त्येच्याखाली जेवलो. जोतिबा म्हनला, दादा, ह्येंच्यात भाकरीची बी तसबीर लावत्यात."

नाथाजींनी त्यांना आंब्याच्या टोपलीचे एक मोठे, झगझगीत चित्र दाखवले. मग स्वतःच ते बाजूला ठेवले. "घरासाठी चित्र घेताना भिंत मोजत बसू नका. त्याच्यासमोर बसून चार घास गोड लागतात का, ते बघा. आणि ते उन्हात लावू नका, चुलीच्या धुरात लावू नका. बसल्यावर नजरेसमोर येईल इतक्याच उंचीवर लावा."

नानासो माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. बराच वेळ बसले. उठून म्हणाले, "हीच बांधा."

घरी हरणाबाईंनी झेंडूचा हार करून ठेवला होता. कागद सुटला. त्यांनी मला पाहिले, मग लेकाला पाहिले.

"म्या पोराचं तोंड आनाया धाडलं," त्या म्हणाल्या. "तू वांगी आनलीस."

तो हार त्यांनी गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यात घातला.

त्या दिवसापासून त्या माझ्या वैरी झाल्या. नानासो शेतावर गेले, की मला भिंतीकडे तोंड करून ठेवत. कधी माझ्यावर सूप टांगत. पुढे त्यांनी मला उचलून चुलीजवळच्या खुंटीला लावले. माझी वांगी काळवंडली, तांब्या दिसेनासा झाला. नानासोंची बायको अंजना मला परत बाहेरच्या सोप्यात आणी, सासू पुन्हा चुलीजवळ नेई. नानासो हे सगळे बघत आणि गप्प राहत. लेकाचा हा गप्पपणा हरणाबाईंना माझ्याहून जास्त डाचत असे.

दोन वर्षे अशी गेली. जोतिबाच्या तिथीच्या दिवशी घरात पाहुणे जमले होते. त्यांतला एकजण मला पाहून हसला. हरणाबाई माझी दोरी कापायला विळा घेऊन आल्या. मला उकिरड्यावर टाकायचे त्यांनी ठरवले होते. अंजनाने चौकट धरली. ओढाओढीत विळ्याचे टोक लागले आणि माझा कोपरा फाटला.

नानासोंनी आईचा हात धरला.

"आये, असल्याच चित्राखाली आमी जेवत हुतो. म्या म्हनलो, कांदा असता तर बरं झालं असतं. जोतिबा परसात कांदा उपटाया गेला. तितं सुरुंग पुरल्याला हुता."

हरणाबाईंच्या हातातला विळा खाली आला.

"म्हंजे तू धाडलंस त्येला."

"व्हय."

त्यानंतर अकरा दिवस त्या लेकाशी बोलल्या नाहीत. ताट वाढत आणि निघून जात. बाराव्या दिवशी दुपारी त्यांनी भाकरी वाढली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"जायच्या आदी त्यो जेवला हुता का?"

"अर्धी रोटी झाली हुती."

"उरल्याली?"

नानासोंनी घास ताटात ठेवला. "म्या खाल्ली, आये. दुसऱ्या दिशी."

हरणाबाई खाली बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या लेकाच्या समोर बसल्या. म्हणाल्या, "बरं केलंस. अन्न टाकू न्हाई." मग उठून त्यांनी मला चुलीजवळून काढले आणि कोरड्या पदराने माझी काजळी पुसली. सगळी निघाली नाही. तशीच त्यांनी मला सोप्यात लावली.

त्या मला कधीच चांगले म्हणाल्या नाहीत. लेकालाही त्यांनी पुरती माफी दिली, असे मला वाटत नाही. पण त्या माझ्याखाली जेवू लागल्या.

मित्रांनो, माझा फाटका कोपरा अंजनाने मागून कापड चिकटवून सांधला आहे. तुमच्या घरीही एखादे जुने चित्र असेल. त्याला ओले फडके लावू नका, धुराजवळ ठेवू नका. आणि ते भिंतीवरून काढण्याआधी, लावणाऱ्याला एकदा विचारा, की हेच का लावलेस. हरणाबाईंनी दोन वर्षे विचारले नाही, नानासोंनी दोन वर्षे सांगितले नाही.